घोरणं थांबलं तेव्हा

१

उभ्या हयातीत मी एकच काम केलं. लोकांना झोपवलं आणि परत उठवलं. झोपवणं काय हो, कुणालाही जमतं. उठवणं हे खरं काम. म्हणून देवदत्त सोमण गेले आणि सगळं श्रीवर्धन म्हणायला लागलं, "काय भाग्याचं मरण, झोपेतच गेले," तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धडधाकट माणूस गुडघ्याची वाटी फुटली म्हणून इस्पितळात जातो आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला संपतो. ह्यात भाग्य कुठलं आलं?

देवदत्त माझ्या चांगल्या ओळखीचे. आमच्या आळीच्या टोकाला त्यांची सुपारीची वाडी. बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची मुलगी सई, दोघंच. सई शाळेत शिकवते. वाडीतल्या पाण्याच्या पाटावर शेवाळाने पाय घसरला, गुडघ्यावर आपटले. डॉक्टर स्वराजच्या इस्पितळात ऑपरेशन झालं आणि ते चांगलंच झालं. कमरेतून भूल देणारा डॉक्टर माणगावहून आला, काम केलं, निघून गेला. इथली भूल देणारी मी, मी निवृत्त झाल्यापासून असंच चालतं.

अंत्यसंस्कार उरकले आणि सकाळीच स्वराज माझ्या दारात उभा. हा पोरगा माझ्या हाताखाली शिकलेला. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला.

"मॅडम, पूनमला वाचवा."

पूनम त्याची नर्स. म्हसळ्याकडच्या भातशेतीवाल्या घरातली, हाताने हलकी, कामाला वाघीण. तिच्यावर सईने पोलिसांत तक्रार केली होती. पूनमने सलाईनच्या नळीतून इंजेक्शन दिलं आणि त्याच क्षणी बाबा गेले, असं सईचं म्हणणं. फौजदार दुसऱ्या दिवशी पूनमला अटक करणार होते.

"औषध कुठलं?" मी विचारलं.

"मॉर्फिन. अफूच्या जातीचंच, नेहमीचं. सकाळी एक दिलं, चहाच्या वेळेला हे दुसरं. कपाटातला हिशोब जुळतो, जास्त गेलेलं नाही. आणि सकाळी एक झोपेची गोळी. रात्रभर ते तळमळत होते. सई म्हणाली, काहीतरी द्या हो. म्हणून मीच दिली."

"घोरता का, हे विचारलं होतंस ऑपरेशनच्या आधी?"

"विचारलं ना. सई म्हणाली, छे, बाबा अजिबात घोरत नाहीत." तो पुढे सरकून बसला. "पण मॅडम, औषध जास्त झालं असतं तर ऑक्सिजन हळूहळू उतरला असता. बोटाच्या चिमट्याचं यंत्र आहे ना आपलं, त्याच्या मेमरीत सगळं आहे. दुपारभर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, नाडी नव्वदच्या आसपास. माणूस ठणठणीत! आणि पूनमने इंजेक्शन दिलं की एकदम सपाट. मॉर्फिन असं एका क्षणात मारत नाही. म्हणजे त्या सुईत मॉर्फिन नव्हतंच. दुसरंच काहीतरी होतं."

विष हा शब्द त्याच्या अगदी ओठांवर होता. उच्चारायची हिंमत होत नव्हती, एवढंच. मी चपला घातल्या.

२

पूनम चादरींच्या खोलीत घड्या घालत बसली होती. उद्या पोलीस नेणार आणि ही बाई आज चादरी घडी करत होती. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी खेकसते.

"ठेव ती चादर. काय झालं ते पहिल्यापासून सांग."

"काय सांगू, बाई? सकाळपासून यंत्र नुसतं ओरडत होतं. त्यांची बोटं सुपारीची ना."

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडे ओली सुपारी सोलून सोलून बोटांची टोकं काळी पडतात, कातडी राठ होते. चिमट्याचं यंत्र त्या बोटातून नीट वाचत नाही, भलतेच आकडे दाखवतं आणि ओरडत सुटतं. त्यामुळे श्रीवर्धनच्या कुठल्याही दवाखान्यात यंत्र ओरडलं की आधी रोग्याच्या बोटांकडे बघतात. बोटं काळी दिसली की बटण दाबून यंत्राला गप्प करतात. सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय ते.

"मग तू काय केलंस?"

"सईला सांगितलं, ओरडलं की दुसऱ्या बोटाला लावून बघ. दुसरेही पेशंट होते ना बाई, मी कितीदा धावणार? जेवणाच्या सुमारास ओरडायचं थांबलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक बोट तरी लागलं."

"आणि देवदत्त?"

"गाढ झोपलेले. काय घोरत होते! आवाज पार जिन्यापर्यंत. सई हसून म्हणाली, पूनमताई, किती वर्षांनी बाबा असे झोपलेत बघा. पडदा ओढून घेतला, कुणाला आत येऊ देईना. मी प्रेशर बघायला गेले तर तोंडावर बोट ठेवून मला परत पाठवलं. मीपण गेले."

"चहाच्या वेळी परत आलीस."

"इंजेक्शनची वेळ झालेली. खोलीत अंधार केलेला. आत शिरताना यंत्राकडे बघितलं, अठ्ठ्याण्णव. मग पाठ वळवून सुई भरली. हात धरला..."

"कसा होता हात?"

"गार. पण सलाईन चालू असलेला हात गारच असतो ना, बाई. औषध आत गेलं आणि यंत्र बोंबललं."

"त्यांच्या तोंडाकडे बघितलंस का? छातीकडे? सुई टोचण्याआधी?"

"यंत्राकडे बघितलं," ती म्हणाली. मग तिचे हात थांबले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई, मी त्यांच्याकडं बघितलंच न्हाय."

मी बाहेर आले तर स्वराज दाराशीच घुटमळत होता. म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. मी धावत आलो, श्वासनळीत नळी घालायला गेलो, तर जबडा उघडेना. दात घट्ट बसलेले. काही विषांनी असं होतं ना, मॅडम?"

विषांनी होतं. आणखी एका गोष्टीनेही होतं. ती मी त्याला तेव्हा सांगितली नाही, कारण ती खरी असेल तर यंत्र धडधडीत खोटं बोलत होतं.

३

देवदत्तांच्या शेजारच्या खाटेवर हरी होता. बंदरावरचा खलाशी, होडीतून उतरताना पाय मोडून घेतलेला, प्लास्टरमध्ये. दोन खाटांच्या मधे नुसता पडदा. स्वभावाने असा तिरसट की आम्हा दोघांचं लगेच जमलं.

"काय घोरत व्हता हो तो म्हातारा! होडीचं इंजान परवडलं," तो म्हणाला. "आन् वर काय, मधीच बंद पडायचं. मी म्हनायचो, चला, थांबला. की परत घर्रर्र करून चालू! परत बंद. परत चालू. मानसानं झोपायचं कसं?"

हे मी ऑपरेशनच्या टेबलावर ऐकलेलं आहे, आणि ऐकलं की हातातलं सगळं टाकून धावलेली आहे.

"पूर्ण कधी थांबलं?"

"जेवनाची ताटं उचलून नेली ना मावशीनं, त्याच्यानंतर थोड्या वेलानं. येकदाच लय मोठ्यांदा घोरला आन् गप. मी म्हनलं, सुटलो रे देवा. लय बरं वाटलं. माझा पन डोला लागला."

"तेव्हा यंत्र ओरडलं का?"

"न्हाय बा. यंत्राची कटकट तर आधीच थांबलेली, ताटं वाढत व्हते तवाच."

"मग तुला जाग कशाने आली?"

"त्या पोरीनं. फोनवर भांडत व्हती. आवाज चढवत नव्हती, बाप झोपलाय म्हनून. पन दातवोठ खाऊन बोलत व्हती. सुजित, सुजित करत व्हती. मंग चा आला."

"ती भांडत होती तेव्हा देवदत्त घोरत होते?"

हरीने विचार केला. ह्या वेळी तिरसटपणा न करता. "न्हाय. गपगार व्हतं समदं."

मी उठले तसं त्याने माझा हात धरला. "डाक्टरीनबाय, मी तवा हाका मारायला पायजे व्हत्या काय हो?"

मी नुसतं त्याच्या हातावर थोपटलं आणि निघाले. कुणाशी तरी चिडून बोलायची मला गरज होती, आणि सुजित त्यासाठी अगदी योग्य माणूस होता.

४

सुजित देवदत्तांचा पुतण्या. काशीदला पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो, आणि काकांच्या वाडीतही खोल्या बांधायच्या म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागलेला. सोमणांच्या ओटीवर मोबाईल बघत बसला होता. सई आत होती.

"सकाळी इस्पितळात तू काकांना भेटलास. काय पाजलंस?"

"मॅडम, प्लीज! शहाळं. तेपण अर्धं सईने प्यायलं. आणि नंतर मी निघालो ना, दुपारच्या टाइमला मी आगरदांड्याला फेरीबोटीतून गाडी उतरवत होतो. तिथूनच सईला फोन केला."

"भांडायला?"

तो जरा ओशाळला. "काका सकाळी गुंगीत होते. मी म्हटलं, वाडीचा विचार करताय ना? ते हो म्हणाले. मी तेच सईला सांगितलं तर ती भडकलीच. गुंगीतल्या माणसाकडून हो घेतोस, लाज नाही वाटत, म्हणाली." मान खाली घालून तो पुढे म्हणाला, "बरोबरच बोलली म्हणा. काका जातील असं थोडीच वाटलं होतं?"

त्याने फोन पुढे केला. कॉल कधी झाला ते दिसत होतं. ताटं उचलल्यानंतर, चहाच्या आधी. मी लक्षात ठेवलं.

मी बसायला खुर्ची ओढली तर सुजित पटकन म्हणाला, "तिथे नको. काकांची खुर्ची आहे ती. त्यातच झोपायचे."

"दुपारी?"

"रात्रीपण. काकू गेली तेव्हापासून पलंगावर झोपलेच नाहीत. बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढाच. आम्हाला वाटायचं, दुःखाने. मी एकदा विचारलं तर म्हणाले, आडवा झालो की जीव घुसमटतो रे."

वेताची जुनी आरामखुर्ची. पाठीला, मानेला कापड घासून गुळगुळीत झालेलं. मी तिच्याकडे बघत राहिले. म्हणजे स्वराजने विचारलं, घोरता का? आणि सईने खरं तेच सांगितलं, की नाही घोरत. बसून झोपणारा माणूस घोरणार कशाला? आणि आडवं झाल्यावर त्यांचं काय होतं हे जिला माहीत होतं ती तर कधीच गेली होती. बायको गेली की माणसाच्या घोरण्याला साक्षीदारच उरत नाही.

खुर्चीशेजारी खिडकीत गोळ्यांची पट्टी होती. ब्लडप्रेशरची, माझ्या चांगल्या ओळखीची. ही गोळी घेणाऱ्याची नाडी संथ होते. मागे वाघ लागला तरी ती फारशी पळत नाही.

आणि यंत्र म्हणत होतं, दुपारभर नाडी नव्वद.

५

मी स्वराजला घेऊन यंत्रासमोर बसले. फौजदारांनाही बोलावून घेतलं. त्यांना सुरुवातीला वाटलं, म्हातारीची करमणूक आहे. वाटू दे म्हटलं.

"सकाळपासून बघा. नाडी पन्नाशीत. ऑक्सिजन नव्वदच्या खाली, कधी त्याहून खाली, मधेच आकडाच गायब. ओरडतंय, कुणीतरी बटण दाबतंय. हे देवदत्त. आता जेवणाच्या वेळेला या. एका झटक्यात ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, नाडी नव्वद. झोपेतला म्हातारा काही न करता तरुण झाला. कसा हो?"

"बोट बदललं म्हणून आकडे नीट यायला लागले," स्वराज म्हणाला.

"ऑक्सिजनचं मान्य. नाडीचं काय? नाडी सगळ्या बोटांत एकच असते. आणि ती गोळी खाणाऱ्याची नव्वद? बरं, पुढे बघ. इथे काय झालं?"

रेघ एकाएकी वर चढली होती. एकशेवीसपर्यंत. थोडा वेळ वरच राहून हळूहळू खाली आली होती.

"त्रास झाला असेल त्यांना," फौजदार म्हणाले.

"ह्या वेळेला आगरदांड्याहून सुजितचा फोन आला होता. सई दातओठ खाऊन भांडत होती. फौजदारसाहेब, ही नाडी त्या भांडणाची आहे. ज्याने भांडण केलं त्याचंच बोट चिमट्यात होतं."

स्वराज खुर्चीत मागे टेकला.

"सई," तो हळूच म्हणाला.

"यंत्र ओरडतंय, सुपारीची बोटं आहेत म्हणून सगळे सांगतायत, आणि बाप किती वर्षांनी आडवा पडून झोपलाय. त्याची झोप मोडू नये म्हणून पोरीने चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. यंत्र गप्प झालं. सगळ्यांना बरं वाटलं. चहाच्या वेळी पूनम आली, तिने आकडा बघितला आणि सुई भरायला पाठ वळवली. आता आपल्याला रागावतील म्हणून सईने पटकन चिमटा परत बापाच्या बोटाला लावला. जेवणानंतर यंत्राने पहिल्यांदा खरं सांगितलं ते त्या क्षणी. इंजेक्शन आणि ओरडणं एकाच वेळी झालं ते एवढ्याचसाठी."

"मग ते गेले कधी?" फौजदारांनी विचारलं. आता त्यांची करमणूक होत नव्हती.

"हरीने मोठ्यांदा घोरणं ऐकलं आणि मग गप झालं, तेव्हा. पूनमला हात गार लागला. स्वराजला जबडा घट्ट लागला. मेल्यावर अंग ताठरायला लागतं ना, त्याची चाहूल जबड्यात फार लवकर लागते. पूनमने औषध दिलं ते मेलेल्या माणसाला."

"आणि मारलं कुणी?"

मी स्वराजकडे बघितलं. माझा पोरगाच तो. त्याला वाचवावं असं मला मनापासून वाटलं, पण तसं करायचं तर पूनमला बळी द्यावं लागलं असतं.

"मॉर्फिन मापात होतं. झोपेची गोळी मापात होती. दोन्ही एकत्र, आणि आडवं झालं की घुसमटणारा माणूस उताणा झोपवलेला. जीभ सैल पडली, घसा अर्धा मिटला. लोकांना वाटतं घोरणं म्हणजे गाढ झोप. अशा रोग्याचं घोरणं म्हणजे अर्ध्या मिटलेल्या दारातून श्वास ओढायची धडपड असते. कुणी खांदा हलवून हाक मारली असती, कुशीवर वळवलं असतं, तर दार उघडलं असतं. त्या औषधावरचा उतारा तुझ्या कपाटात आहे, स्वराज. भरलेला, तारखेतला."

स्वराज दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी त्याला रडू दिलं.

फौजदार टोपी घालून उठले. "म्हणजे त्या मुलीला..."

"बसा खाली," मी म्हटलं. "आज तिला काही विचारायचं नाही. बाप कसा गेला हे तिने पोलिसांकडून ऐकायचं नाही. मी सांगते. मग ती स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे येईल."

६

सई अंगणात वाळत घातलेली सुपारी परतत होती. बाप गेला तरी सुपारीला ऊन दाखवावं लागतंच. तिची बोटं अजून गोरी होती. सोलायचं काम देवदत्तांनी तिला कधी करू दिलं नव्हतं.

"गोदूआत्या, या," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. माझ्या पर्समध्ये तसलाच एक छोटा चिमटा असतो, जुनी सवय. वाटेत मी बोलायचं सगळं ठरवून आले होते. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी नुसता चिमटा काढून हातावर ठेवला.

सईने तो बघितला आणि दोन्ही हात पदराआड घेतले.

मग तीच बोलायला लागली.

"ते यंत्र सारखं ओरडायचं, आत्या. बाबा दचकायचे. पूनमताई म्हणाली, सुपारीची बोटं आहेत, काळजी करू नको. मी माझ्या बोटाला लावून बघितलं, म्हटलं बिघडलंय का. तर गप्प झालं. मग काढावंसं वाटेना. आई गेल्यापासून त्यांना असं पाय पसरून झोपलेलं मी बघितलंच नव्हतं हो. घोरत होते तेव्हा मला इतका आनंद झाला होता. आईला सांगावंसं वाटलं."

"आणि घोरणं थांबलं तेव्हा?"

"मला वाटलं, आता अगदी शांत लागली. मी पंखा हळू केला. चादर नीट केली." तिचा आवाज फुटला. "चादर नीट केली मी, आत्या."

मी तिला जवळ घेतलं. रडून झाल्यावर मला विचारावंच लागलं. "पूनमवर तक्रार का केलीस, बाळा?"

"कारण तेच खरं असायला हवं होतं. ती आली, इंजेक्शन दिलं, आणि बाबा गेले. ते खरं नसेल तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "डोळे मिटले की ते यंत्र दिसायचं. माझ्या बोटावर. मी दुसरीकडे बघायचे."

"उद्या पूनमला अटक होणार आहे."

तिने मान हलवली. माहीत होतं तिला. मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याच्या भीतीने मी वाटभर पाय ओढत आले होते.

"मी हलवून उठवलं असतं तर?"

ऑपरेशनच्या टेबलावर मी हजारोंना थाप मारली आहे, घाबरू नका, काही होत नाही म्हणून. आणखी एक थाप मारायला माझं काय जात होतं? पण तिच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. खोटं सांगितलं असतं तर ते तिला कळलं असतं, आणि मग आयुष्यात तिने कुणाचंच खरं मानलं नसतं.

"वाचले असते," मी म्हणाले. "पण ऐक. घोरणाऱ्याला उठवायचं असतं हे तुला कुणी सांगितलं? स्वराजने नाही, माणगावच्या डॉक्टरने नाही, पूनमने नाही. ज्यांना माहीत असायला हवं होतं ते सगळे तुझ्या हातात चिमटा देऊन निघून गेले. तू मुलीने करायचं ते केलंस. आम्ही डॉक्टरांनी करायचं ते केलं नाही."

तिने ते ऐकलं. पटलं की नाही, मला अजूनही माहीत नाही. ती उठली, उरलेली सुपारी नीट पसरली, हात धुतले आणि म्हणाली, "चला. आधी फौजदारांकडे. मग पूनमताईकडे."

७

पोलिसांसमोर तिने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मधे एकदा पाणी मागितलं, बाकी कुठे अडखळली नाही. तक्रार मागे घेतली. फौजदारांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

इस्पितळात पूनम जिन्यातच भेटली. सईने हात जोडले तर पूनमने ते धरून खाली केले.

"असं करू नको. तू यंत्राला फसवलंस, आणि मी यंत्राकडंच बघत राहिले. माणसाकडं मीबी बघितलं न्हाय." मग दोघी जिन्यातच बसून रडल्या. येणारी-जाणारी माणसं अंग चोरून बाजूने गेली. मी उगाच खिडकीबाहेरच्या नारळाला न्याहाळत उभी राहिले.

स्वराज वरच्या खोलीतून पाट्या लिहून आणत होता, प्रत्येक खाटेशी लावायला. रोगी घोरू लागला तर त्याला जागं करा आणि नर्सला हाक मारा. अक्षर घाईघाईने काढलेलं, ओळी वाकड्या. चुका काढायची ती वेळ नव्हती.

आम्ही निघालो. सई पुढे, मी मागे. त्या खोलीवरून जाताना आतून आवाज आला. हरी घोरत होता.

त्याला ना मॉर्फिन चालू होतं, ना झोपेची गोळी. दुपारचं जेवण झालेलं, तेवढंच. मी सईला ते सांगणार होते. पण ती जागच्या जागी थबकली आणि दुसऱ्या क्षणी पडदा बाजूला करून आत धावली.

"काका! काका, उठा! डोळे उघडा!" तिने त्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

हरी दचकून जागा झाला. "अगो बाय, काय हाय? आग लागली काय? जरा कुठं डोला लागला व्हता तर..." शिवी त्याच्या तोंडात आलीच होती. पण मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि ओळखलं. शिवी गिळून तो गप्प झाला.

"बोला माझ्याशी," सई रडत रडत म्हणत होती. "काहीतरी बोला."

हरीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तो आडदांड माणूस कोपरावर टेकून उठून बसला, घसा खाकरला आणि तिच्याशी बोलायला लागला. होडीचं इंजिन, बंदर, पापलेटचा भाव, त्याची बायको त्याला डब्यात काय काय पाठवते. सई त्याच्या खाटेच्या कडेला बसून त्याच्या छातीकडे बघत होती. ती थांब म्हणेपर्यंत तो बोलत राहिला, आणि बराच वेळ ती काही थांब म्हणाली नाही.